अस्वलाच्या कोंबड्या

…आणि शेवटी त्या बसवाल्याने सीटच्या लाकडाला पाय लावला, दोन्ही हातांनी कव्हर धरलं आणि असा हिसका दिला की कव्हर टरकन फाटलं, आतला काथ्या त्याच्या मिशीत अडकला, पण शिवण? शिवण जागच्या जागी! इथवर काल आलो होतो आपण, तेवढ्यात चहा आला नि गोष्ट लटकली. तर तो बसवाला मिशीतला काथ्या काढत म्हणाला, "टाकेदादा, तुम्ही शिवता की वेल्डिंग करता?"

टाकेदादांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते कधीच लगेच देत नाहीत. आधी हातातला दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढतात. मग पुन्हा एकदा ओढतात. समोरच्याला वाटायला लागतं की म्हाताऱ्याला ऐकूच गेलं नाही, तेव्हा बोलतात. तसा दोरा ओढून ते म्हणाले, "सीट बसायला दिली होती. कुस्ती खेळायला हवी आहे असं सांगितलं असतंत, तर दुहेरी शिवण घातली असती."

असा हा माणूस. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्याचं सीट शिवायचं दुकान. बसची, मोटरसायकलची, दवाखान्यातल्या सोफ्याची, केस कापायच्या खुर्चीची, थोडक्यात ज्या ज्या गोष्टीवर माणूस बूड टेकतो ती गोष्ट इथं येते. दुकानाचं शटर पूर्ण वर जात नाही. त्यामुळे उंच गिऱ्हाईक आत शिरतं ते मान झुकवूनच. टाकेदादा म्हणतात, शटर दुरुस्त केलं तर आपला मान कमी होईल. आत एक मशीन, भिंतीवर रेक्झिनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात फोमचा ढीग आणि दारापाशी एक स्टूल. स्टुलाची सीट मात्र फाटकी. शिंप्याची विजार नेहमी उसवलेली असायची, त्यातली गत.

आता तुम्हाला ठाऊक आहे की नाही कोण जाणे, पण जुनी सीट उसवली की आतून काय काय निघतं! कंगवे, किल्ल्या, बटणं, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली होती. टाकेदादा ते सगळं एका डब्यात ठेवतात आणि वर्षानुवर्षं मालकाची वाट बघतात. कवळीचा मालक आलाच नाही. बहुतेक त्याला विचारायला तोंड नव्हतं.

तर अशाच एका दवाखान्यातल्या सोफ्याच्या पोटातून एक गोष्टीचं पुस्तक निघालं. वरचं कव्हर गेलेलं, पानं सुटी, पण चित्रं झकास. एक अस्वल मधाचं दुकान काढतं, अशी गोष्ट. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "राहू दे, तुमच्या पोरांना होईल." पोरं तेव्हा दोन होती. मोठी लेक शाळेत जायला लागलेली, धाकटा लेक अजून आईच्या पदराला धरून चालणारा. टाकेदादांनी ठरवलं, पुस्तक नीट शिवायचं आणि मग द्यायचं. आपल्या हातून पोरांना फाटकी वस्तू जायची नाही.

आणि इथंच घोटाळा झाला. त्याच आठवड्यात दुधाच्या गाडीची सीट आली होती. तिच्या आतून निघाली 'कोंबड्या कशा पाळाव्यात' ही माहितीपुस्तिका. तीही बिनकव्हरची, तीही सुटी, आकारानं थेट अस्वलाएवढीच. दोन्ही फळीवर शेजारी शेजारी. पंखा लागला, पानं दुकानभर उडाली, टाकेदादांनी गोळा केली. आता दुसरा कुणी असता तर त्याने पान वाचून लावलं असतं. सीटवाला वाचत नाही, तो काठ बघतो. काठाला काठ लागला, कोपऱ्याला कोपरा लागला, की दाभण आत. त्यांनी सगळा गठ्ठा हातावर आपटून सारखा केला, आरीनं भोकं पाडली, मेणाचा दोरा ओढला आणि वरून बसच्या सीटचं उरलेलं तांबडं रेक्झिन चढवलं. काय दिसत होतं ते पुस्तक! वर बसलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको जेवणाचा डबा आणि दोन्ही पोरं घेऊन दुकानात आली. दुपारी मशीनही पेंगतं आणि गिऱ्हाईकही. टाकेदादांनी लेकीला स्टुलावर बसवलं, लेकाला मांडीवर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. अस्वलानं दुकान काढलं. गिऱ्हाईक येईपर्यंत थोडा मध चाखला. आणखी थोडा चाखला. बरण्या रिकाम्या झाल्या. "अस्वल पायरीवर बसलं आणि विचार करू लागलं, आता काय करावं?" टाकेदादांनी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचलं, "कुक्कुटपालनास फारसे भांडवल लागत नाही."

डबा सोडता सोडता बायकोचा हात थांबला. "काय लागत नाही?"

"भांडवल."

"अस्वलाला?"

दोरा हाताशी नव्हता, म्हणून टाकेदादांनी नुसताच हवेत ओढल्यासारखा केला. "मध खाल्ला ना सगळा? मग आता बिचारं कोंबड्या पाळतंय."

"आणि कोंबड्या कुठून आल्या?"

"बाजारातून. तू ऐकतेस का मधे मधे बोलतेस?"

मांडीवरच्या लेकानं विचारलं, "बाबा, भांडवल म्हणजे काय?"

"अस्वलानं खाऊन टाकलं ते."

झालं. पुढची पानंच्या पानं अस्वल कोंबड्या पाळत राहिलं. खुराडं वाऱ्याच्या झोतात नसावं. पाणी स्वच्छ असावं. तांबूस कोंबडी अंडी चांगली देते. शेवटच्या कोंबडीपानावर होतं, "आजारी कोंबडी ताबडतोब वेगळी ठेवावी," आणि पान उलटलं की पुन्हा अस्वल हजर: "मग सगळ्यांनी मिळून पोटभर जेवण केलं."

"अहो!" बायको ओरडली. "आजारी कोंबडी खाल्ली त्यांनी?"

"नाही गं. ती बरी झाली, तिलाही पंगतीला बसवलंय. चित्रात पाठमोरी आहे."

पोरं हसून हसून लोळली. पुस्तक उसवून दोन करायचं टाकेदादांच्या मनात होतं, पण दुसऱ्या दिवशी पोरांनी पुन्हा तेच मागितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मग उसवायची सोय राहिली नाही.

ते पुस्तक त्या घराच्या जिभेवरच बसलं. कुणाला ताप आला की बाकीचे एका सुरात, "आजारी कोंबडी ताबडतोब वेगळी ठेवावी!" लेक अभ्यास न करता बसला की आई विचारायची, "काय रे, मध चाखतोयस का?" परीक्षेत मार्क चांगले पडले की "आमची तांबूस कोंबडी." पुढे लेकाचं लग्न ठरलं, मंडळी मुलीच्या घरी गेली. खिडकीतून गार वारा येत होता. टाकेदादा सहज बोलून गेले, "खुराडं वाऱ्याच्या झोतात नसावं." दोन्ही पोरं खो खो हसली. मुलीच्या वडिलांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या घराची किंमत खुराड्याएवढी केली. ते लग्न होता होता राहिलं असतं, पण मुलीनं आतून विचारलं, "म्हणजे काय?" आणि मग सगळी अस्वलाची गोष्ट त्या बैठकीत सांगावी लागली. ती मुलगी म्हणजे आताची सूनबाई. औषधांच्या दुकानात काम करते. कपाटातली बाटली बोटभर सरकली तरी हिला चैन पडत नाही.

पोरांना पोरं झाली. लेकाची मुलगी भिंगरी; जागेवर ठरत नाही म्हणून भिंगरी. नुकती जोडाक्षरं वाचायला लागलेली. लेकीचा मुलगा मुंगूस; जिथं भोक दिसेल तिथं नाक घालतो. लेक लांबच्या गावी, डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरीला, सुट्टीला यायची. भिंगरी मात्र रोज दुपारी आजीबरोबर डबा आणि पुस्तक घेऊन यायची आणि स्टुलावर बसून अस्वल ऐकायची. टाकेदादांना अख्ख्या दिवसात ती एक दुपार ठाऊक होती. बाकी दिवस म्हणजे नुसता फोम.

आणि मग लेकाची बदली झाली. तो विजेच्या कंपनीत मीटर तपासायला जातो. कंपनीनं म्हटलं, आता दुसऱ्या गावचे मीटर तपास. बांधाबांध सुरू झाली. लेकही मुंगसाला घेऊन मदतीला आली. मदत म्हणजे काय, खोक्यात भरलेलं बाहेर काढून बघणं. त्यात तिला दिसलं तांबडं रेक्झिन.

"हे कुठं चाललंय?" तिनं विचारलं.

"आमच्याबरोबर," धाकटा म्हणाला.

"का म्हणून? पुस्तक माझं आहे. मी शाळेत जात होते म्हणून आलं ते घरात."

"तू स्टुलावर होतीस. मी मांडीवर होतो."

"तांबूस कोंबडीच्या पानावर दात कुणाचे आहेत? बघ! हे माझे दुधाचे दात."

"आणि अस्वलाला चष्मा कुणी काढला? मी. पुस्तक चावणाऱ्याचं असतं की चष्मा लावणाऱ्याचं?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात मी आहे. चष्मा माझ्या खात्यात येतो!"

दोघांचेही डोक्यावरचे केस पिकायला लागलेले, आणि एकजण रेक्झिनचा हा कोपरा, दुसरा तो कोपरा धरून ओढतोय. भिंगरी आणि मुंगूस खोक्यावर बसून मजा बघत होते. आजी म्हणाली, "ओढा, ओढा. ती शिवण तुमच्या बाबांची आहे. तुमचे हात निघून येतील."

आधी सगळे हसले. मग बघता बघता हसणं आटलं. लेक म्हणाली, "तुझ्याकडे इतकी वर्षं होतंच की." धाकटा म्हणाला, "तू येतेस कधी वाचायला?" आणि मग दोघंही गप्प झाले, ते जेवणाच्या वेळेलाही गप्पच. आमटी वाढा म्हणायची वेळ आली तर मुंगसाच्या तोंडून निरोप.

टाकेदादा भात नुसताच कालवत होते. पुस्तक इकडे गेलं काय नि तिकडे गेलं काय, दुकानातून जाणारच होतं. आणि त्याच्याबरोबर स्टुलावरची दुपारही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आजीला सांगायची गरज नव्हती. तिनं न मागता ताटात आमटी वाढली.

तेव्हा सूनबाईनं तोडगा काढला. "बाबा, मुळात ही दोन पुस्तकं आहेत ना? मग उसवा की. अस्वल एकाला, कोंबड्या एकाला. पोरांनाही खरी गोष्ट कळेल. मला तर लग्न झाल्यापासून ते खुपतंय."

सगळ्यांनी टाकेदादांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला. "उद्या दुकानात या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं बिऱ्हाड दुकानात. शटरखालून एकेक मान झुकवत आत. भिंगरी स्टुलावर, मुंगूस फोमच्या ढिगावर. टाकेदादांनी पातं घेतलं. आपणच घातलेला टाका. इतक्या वर्षांत केसभर हलला नव्हता. पात्याचं टोक दोऱ्याखाली घालायलाच किती वेळ गेला. मग कट, कट, कट. रेक्झिन बाजूला झालं. सूनबाईनं पानं औषधांसारखी वेगवेगळी लावली. अस्वल इकडे, कोंबड्या तिकडे. "बघा, किती नीट!" ती म्हणाली.

"वाच गं भिंगरे," टाकेदादा म्हणाले.

भिंगरीनं बोट ठेवून वाचलं. दुकान काढलं, मध चाखला, बरण्या रिकाम्या. "अस्वल पायरीवर बसलं आणि विचार करू लागलं, आता काय करावं?" तिनं पान उलटलं. "मग सगळ्यांनी मिळून पोटभर जेवण केलं."

मुंगूस फोमवरून खाली उतरला.

"काय जेवले?" मुंगसानं विचारलं.

भिंगरीनं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "काही नाहीये ना दुकानात! सगळं तर खाल्लं!"

सूनबाईनं गठ्ठा हातात घेतला, एकेक पान उजेडाला धरलं. "मधली पानं गेलीत," ती म्हणाली. "सोफ्यातच राहिली असतील. आधीपासून नसणारच ती."

"म्हणजे अंडी न विकताच जेवले? फुकट?" भिंगरीला हे अजिबात पटलं नाही.

तिकडे मुंगूस कोंबड्यांचा गठ्ठा चाळत होता. त्याला अजून वाचता येत नाही, पण चित्रं पाठ. एक पान, दुसरं पान, शेवटचं पान. त्याचा खालचा ओठ पुढे यायला लागला. "माझ्यात अस्वलच नाहीये. मग यांना पाणी कोण देतंय?"

"अरे, ते शेतकरी देतात," त्याची आई म्हणाली.

"कुठाय शेतकरी? दाखव!"

शेतकरी खरंच नव्हता. त्या पुस्तिकेत नुसत्याच कोंबड्या. मुंगसानं भोकाड पसरलं. "आजारी कोंबडीला कोण वेगळं ठेवणार?"

आता ऐका हं. सूनबाई, जिला बाटली बोटभर सरकलेली चालत नाही, ती मुंगसाजवळ बसली, कोंबड्यांची पानं उचलली, अस्वलाच्या पायरीच्या पानाखाली सरकवली, शेवटच्या जेवणाचं पान सगळ्यांत खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, शिवून टाका. औषध चुकीच्या बाटलीत गेलं होतं, पण गुण येतोय."

लेक हसली. धाकटा हसला. आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून हसले.

"शिवतो," टाकेदादा म्हणाले. "पण आता नियम माझा. पुस्तक फिरतं राहील. आधी ताई नेईल. टाका सुटला की इथं आणायचं. पोस्टानं नाही, हातानं. आणि शिवताना पानं धरायला दोन पोरं लागतात. तेव्हा त्या दिवशी भिंगरी आणि मुंगूस, दोघंही हजर पाहिजेत. दुरुस्त झालं की धाकटा नेईल. पुन्हा सुटलं की पुन्हा इथं."

धाकट्यानं कपाळाला हात लावला. "बाबा, तुमचा टाका सुटणार? बसवाला लाथ मारून थकला! म्हणजे पुस्तक कायमचं ताईचंच झालं की!"

"नियम म्हणजे नियम," ताई घाईघाईनं म्हणाली. तिच्या डोळ्यांत नुसता आनंद मावत नव्हता.

"वा! न्याय करायला बसले आणि मलाच उसवलं," धाकटा कुरकुरला, पण बाबांचा शब्द, काय करणार?

मोठी माणसं बांधाबांधीला गेली. भिंगरीनं एका बाजूनं पानं धरली, मुंगसानं दुसऱ्या बाजूनं. टाकेदादांनी दाभण घातलं, ओढलं, बघितलं आणि काढून टाकलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. पोरं कंटाळली, फोमच्या ढिगावर जाऊन झोपली. आजी चहा घेऊन आली तरी यांचं चाललेलंच. कधी मेण पुसून काढायचे, कधी गाठ नुसती टेकवून बघायचे, मान हलवायचे.

"अहो, पुस्तक आहे की बस? एवढ्या वेळात तुम्ही दोन सोफे शिवता!"

दोरा ओढला गेला. पुन्हा ओढला गेला. "सोफा सोपा असतो," टाकेदादा म्हणाले आणि चहा गार होऊ दिला.

सगळे गेले. घर रिकामं, स्टूल रिकामं. दुपारी आजी डबा आणायची, दोघं समोरासमोर बसून जेवायची, मशीन पेंगायचं. आजी एकदा म्हणाली, "मध संपलाय वाटतं." टाकेदादांनी नुसती मान हलवली. पण दाराकडे मात्र बघायचे, एखाद्या गिऱ्हाइकाला वेळ दिल्यासारखे.

आणि पुढच्याच सुट्टीला शटरखालून आधी मुंगूस आला, मग त्याची आई, मागून भिंगरी भिरभिरत, तिच्यामागे धाकटा आणि सूनबाई. ताईच्या हातात तांबडं रेक्झिन, आणि त्यातून पानं डुलतायत. अस्वल अर्धं बाहेर आलेलं, तांबूस कोंबडी तर मुंगसाच्या खिशात.

धाकटा इतका खूश की त्याला बोलता येईना. "सुटला! बाबांचा टाका सुटला! आता पाळी माझी!"

भिंगरीनं स्टूल पकडलं. मुंगूस न सांगता टाकेदादांच्या मांडीवर चढला आणि खिशातून कोंबडी काढून जागेवर ठेवली. ताई मात्र दारातच उभी. ती कधी पुस्तकाकडे बघे, कधी बाबांच्या हातांकडे. मग जरा काळजीनंच तिनं विचारलं, "बाबा, तुमचा टाका आणि इतक्यात सुटला? हात दुखतात का तुमचे? बरं नाही का वाटत?"

टाकेदादांनी मेणाचा गोळा घेतला. दोरा त्याच्यावरून एकदा ओढला. दुसऱ्यांदा ओढला. आणि म्हणाले,

"न सुटणारा टाका मी झोपेतसुद्धा घालतो, बाळे. वेळेवर सुटेल असा घालायलाच अख्खी दुपार गेली."